सातव्या खांबाला पाणी

तुम्ही माझी माय चोरलीत, आणि तिच्या पायाखाली खोटं छापलंत.

गेल्या महिन्यात तुमच्या स्टेशनावर उतरले. चोपन्न वर्षांनी. जिना चढून वर आले तर समोरच्या भिंतीवर ती. माणसाच्या दुप्पट उंचीची. कापडी आरामखुर्चीत बसलेली, बाबांचा गिरणीतला कोट अंगावर, डोक्यावरून पदर, एक हात पोटावर, दात दिसतायत, नजर लांब पाण्यावर. वर तुमची रंगीत अक्षरं: 'समुद्रकाठचे निवांत दिवस. मोहिनी अजून तीच!' आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'अनोळखी पाहुणी, १९६९. नगरपालिकेच्या संग्रहातून.'

अनोळखी नव्हती ती. हलीमा दाऊद मापारी. माहेर बाणकोटच्या खाडीवर, बापाचे दोन मचवे. वय एकोणतीस.

तुमच्या संग्रहालयानं लोकांना आवाहन केलंय की जुन्या सहलींच्या गोड आठवणी पाठवा, एका पानात. मी पाठवतेय. गोड नाही, एका पानात मावत नाही, आणि मराठीत आहे. गावच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकलेली मराठी, पुढं माझी मी वाढवलेली. त्या दिवशी माझी माय तुमच्या किनाऱ्यावर ह्याच भाषेत बोलत होती, तेव्हा कुणाला कळलं नव्हतं. आता दुभाषी शोधा.

शनिवारी पाचला आम्ही पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या मिसेस प्रिचर्डबाईच्या दारात उभे होतो. बाबांच्या हातात दोरीनं बांधलेली पेटी, मायच्या हातात डब्यांची पिशवी, माझ्या हातात काही नाही कारण मला उड्या मारायच्या होत्या. मी अकरा वर्षांची. विलायतेत, लँकेशरमधल्या आमच्या गावात ऑगस्टात एक आठवडा सगळ्या गिरण्या एकदम बंद व्हायच्या. भोंगा गप्प, धुरांडी थंड, आणि अख्खं गाव बोचकी बांधून समुद्राकडं. दरवर्षी तेच शहर, तीच गल्ली, तीच घरमालकीण. आमच्या कोकणी मुसलमानांतलं कुणी जात नसे. त्या आठवड्यात आमची माणसं घरीच झोपा काढायची. आम्ही पहिले.

जायचं कारण मायच्या पोटात होतं. सहावा महिना. आधीची दोन पोटातच गेली होती, एक बाणकोटला, एक इथं आल्यावर. डॉक्टर बाबांना म्हणाला होता, हे टिकवायचं असेल तर समुद्राची हवा द्या, आणि रोज दुपारी दोन तास आडवं. पाय उशीवर. बाबांनी ते वहीच्या कागदावर लिहून घेतलं होतं आणि तो कागद पाकिटात फोटोसारखा जपून ठेवला होता.

दाराच्या आतल्या बाजूला पाटी होती. बाबांनी ती बोट ठेवून वाचली. न्याहारी साडेआठ. दहाला घर सोडावे. दार पाचला उघडेल.

"मॅडम," बाबांनी टोपी काढली. "माझी बायको... दुपारी... थोडं झोपणं. डॉक्टर बोलला."

मिसेस प्रिचर्डनं मायच्या पोटाकडं पाहिलं, मग पाटीकडं. पांढरा ॲप्रन, हाताला साबणाचा वास. "दहा ते पाच घर बंद असतं, मिस्टर मापारी. मला खोल्या झाडायच्या असतात. तुमच्यासाठी म्हणून नाही हं हे. नियम सगळ्यांना एकच."

वर खोलीत गेल्यावर बाबांनी पेटी खाली ठेवली आणि तिथंच उभे राहिले. डोळे चमकत होते.

"ऐकलंस काय बोलली?"

"ऐकलं," माय म्हणाली. "म्हणजे मी दुपारची कुठं पडू?"

"अगो, ते बघू. पण ऐकलंस का? सगळ्यांना एकच! अठरा वर्षं बोटीच्या इंजिनात कोळसा ओढला मी. त्यांचा नळ वेगळा, आपला वेगळा. त्यांची शिडी वेगळी, आपली वेगळी. गिरणीतसुद्धा रात्रपाळी कुणाला? आपल्याला. आज पहिल्यांदा गोऱ्या माणसानं तोंडावर सांगितलं मला. सगळ्यांना एकच."

"मग ती पाटीच आणून द्या काढून. पायाखाली घेते."

बाबा हसले. मायही हसली. मी खिडकीशी होते. दोन घरांच्या फटीतून समुद्राची एक चिंचोळी पट्टी दिसत होती.

संध्याकाळी टेबलावर कळलं, की मीठ-मिरपुडीच्या भांड्याचे वेगळे पैसे. माय मला म्हणाली, "सांग तिला, मिठागरं सोडून आलेय मी." मी सांगितलं नाही. शेजारच्या टेबलावर ऑग्डेन कुटुंब होतं. बाबांच्याच गिरणीतलं. आई, बाप, काठी घेतलेली आजी आणि मॉरीन. मॉरीन माझ्याच वयाची, नाकावर ठिपके. तिनं माझ्याकडं पाहून गालात चमचा कोंबला. मी पण कोंबला.

मी खोटं बोलणार नाही. मला आवडलं होतं. तुमच्या त्या शहरानं मला पुरतं वेड लावलं होतं. व्हिनेगरचा वास. वर्तमानपत्रात गुंडाळलेले बटाटे, जे बाबा मला खाऊ देत नव्हते कारण तळायची चरबी कशाची ते कळत नव्हतं, आणि जे मी मॉरीनच्या पुडीतून खाल्ले. गुलाबी साखरेची कांडी, जिच्या पोटात शहराचं नाव. कुठंही मोडा, नाव तसंच. वाळूवरचा बाहुल्यांचा खेळ, त्यात नवऱ्या बाहुल्यानं बायको बाहुलीला काठीनं बडवायचं आणि पोरांनी खिदळायचं. आणि गाढवं! कपाळपट्टीवर रंगानं नाव लिहिलेली, गळ्यात घुंगरू, वाळूवर एका रांगेत जाऊन परत येणारी. आमच्या गावात गाढवावर कुणाला बसवलं तर ती शिक्षा असते. इथं लोक तिकीट काढून बसत होते.

मायला सगळ्याचं हसू यायचं.

"हा पूल पलीकडं कुठं जातो?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. लोखंडी खांबांवर समुद्रात पाव मैल घुसलेला तो तुमचा प्रसिद्ध पूल.

"कुठंच नाही. लोक चालत टोकाला जातात आणि परत येतात."

"अर्धवट टाकला? पैसे संपले का?"

"तसाच असतो, माय."

"आणि ही एवढी माणसं काय बघायला आलीत? पाणी? आमच्याकडं परसात आहे. कुणी वळून बघत नाही." मग ती कापडी खुर्चीत टेकली, आणि हळूच म्हणाली, "वास मात्र तोच गो. तोच वास."

कारण तिनं तीन वर्षांत समुद्र बघितला नव्हता.

दहाला दार बंद झालं की आम्ही किनाऱ्यावर. पाचपर्यंत. कापडी खुर्च्या तुमच्या नगरपालिकेच्या. टोपीला बिल्ला लावलेला माणूस तिकीट फाडायचा. बाबा मायला खुर्चीत बसवायचे, पेटीवर टॉवेल घालून पाय वर ठेवायला लावायचे. हो, पेटी रोज घेऊन जायचे. किनाऱ्यावर लोक बघायचे की हा काळा माणूस रोज सामान घेऊन येतो आणि रोज परत नेतो. डॉक्टरनं पाय वर सांगितले होते.

मायकडं घड्याळ नव्हतं. तिला लागतही नव्हतं. तिनं सोमवारी तुमच्या पुलाचे खांब मोजले, काठापासून आत. आणि मंगळवारी दुपारी मला म्हणाली, "किती वाजले विचार बाबांना."

"चार."

"सातव्या खांबाला पाणी आहे. बघून ठेव. उद्या ह्याच खांबाला पाणी पाचला येईल."

"तुला कसं कळलं?"

"चांद अर्धा आहे. भांगाचं पाणी हे, सुस्त असतं. रोज तासभर उशीर करतं." ती हसली. "उद्या सातव्या खांबाला पाणी लागलं की तुझ्या त्या बाईचं दार उघडलं म्हणून समज."

मला ते जादूसारखं वाटलं. मी मॉरीनला जाऊन सांगितलं. मॉरीनला वाटलं मी थापा मारतेय. मग तिनं तिची जादू सांगितली.

"आमची आजी कुठंय, माहितीय?"

आजी दुपारी किनाऱ्यावर कधी दिसत नसे, हे मला तेव्हा लक्षात आलं.

"वर झोपलीय. खोलीत. मागच्या गल्लीत स्वयंपाकघराचं दार आहे. तीनदा टकटक करायचं. मिसेस प्रिचर्ड उघडते. आम्ही तेरा वर्षं येतोय ना. पाऊस असला की आम्ही सगळेच जातो, चहा मिळतो, केकसुद्धा."

"पण पाटी?"

"पाटी नव्या लोकांसाठी असते," मॉरीन म्हणाली. जसं पाणी ओलं असतं, तसं. मग घाबरली. "कुणाला सांगायचं नाही. सांगितलंस तर आजीला आत घेणार नाहीत. आणि मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. थुंक."

मी हातावर थुंकले. तिनंही. हात मिळवले.

तीन वर्षांत त्या गावात माझ्याशी हात मिळवणारी ती पहिली मुलगी. शाळेत माझ्या शेजारचा बाक रिकामा असायचा. मॉरीननं मला स्वतःच्या तोंडातली कांडी काढून अर्धी दिली होती. शिवाय तिचा मामा गाढवं हाकायचा, आणि त्यानं बुधवारी अडीचला डेझी नावाच्या गाढवावर बसवायचं कबूल केलं होतं. आम्हा दोघींना. फुकट.

आणि बाबा. रोज रात्री निजताना ते म्हणायचे, "सगळ्यांना एकच." मला सांगवेना. हे मी आज जोडतेय का, मला ठाऊक नाही. तेव्हा बहुतेक डेझीच होती मनात.

बुधवारी वारा होता. दुपारी दोनच्या सुमाराला मायनं खुर्चीत कूस बदलली.

"सकू, किती खांब राहिले?"

पाणी लांब होतं. मी मोजलं. "सतरा."

"बरं."

तिच्या ओठांचा रंग गेला होता. बाबांनी कोट काढून तिच्यावर घातला. "थंडी वाजतेय?"

"हां, थंडीच."

"कंबर?"

"थोडी. पडले असते तर बरं वाटलं असतं."

बाबांनी घड्याळ बघितलं. "तीन तास. काढशील ना? अगो, तिनं आपल्याला माणसासारखं वागवलंय. आपण पहिले. आपण नियम मोडला तर पुढं आपल्या माणसाला कुणी दारात उभं करणार नाही."

"मी कुठं काय म्हटलं?"

तेवढ्यात तुमचा फोटोवाला आला. पांढरा डगला, गळ्यात कॅमेरा. असे चार-पाचजण किनाऱ्यावर फिरायचे, न विचारता फोटो काढायचे, हातात चिठ्ठी द्यायचे, उद्या दुकानातून फोटो न्या म्हणायचे. तो मायसमोर वाकला.

"अरे वा, हिंदुस्थानची राणी! हसा, हसा की जरा!"

नेमकी त्या क्षणाला तिला कळ आली. मी तिच्या खुर्चीला टेकून होते, खुर्चीचं लाकूड करकरलं. तिनं दात आवळले. नजर पुलावर, खांबांवर. त्यानं खटका दाबला.

"झकास," म्हणाला, आणि बाबांच्या हातात चिठ्ठी ठेवून गेला.

हाच तो तुमचा फोटो. ती समुद्र बघत नव्हती. दार उघडायला किती वेळ राहिला ते बघत होती.

तो गेल्यावर मी म्हणाले, "माय, दुखतंय का?"

"नाही गो."

"माय, मी..."

"काय?"

मागून हाक आली. मॉरीन वाळूत उड्या मारत होती. "चल! मामा थांबलाय! डेझी आहे!"

मायनं माझ्याकडं पाहिलं. "जा. जा बाय, बस गाढवावर. तुझ्या बापाला दाखव मापाऱ्यांची पोरगी शहराला येऊन कुठवर चढली."

बाबा हसले. मी गेले.

डेझीची पाठ गरम होती. तिच्या केसांना ओल्या घोंगडीचा वास यायचा. मामानं आम्हाला एक नाही, चार फेऱ्या मारू दिल्या. मी मॉरीनच्या मागं, तिच्या कमरेला धरून. त्या तासात मी एकदाही मागं वळून बघितलं नाही. हे लिहायला मला चोपन्न वर्षं लागली.

साडेतीनला पाऊस आला. मामानं गाढवं वळवली, मॉरीन "टाटा" करून पळाली. कुठं पळाली ते मला माहीत होतं. मी खुर्च्यांकडं आले तर खुर्च्या नव्हत्या. तुमचा बिल्ल्याचा माणूस त्या भराभर मिटून गाड्यावर रचत होता. माय उभी होती, किनाऱ्याच्या लोखंडी कठड्याला दोन्ही हातांनी धरून, कमरेत वाकलेली. बाबा तिच्या डोक्यावर टॉवेल धरून.

"मिस्टर, प्लीज," बाबा म्हणत होते, "एक खुर्ची. तिकीट आहे. हे बघा तिकीट."

"पावसात खुर्च्या आत," तो म्हणाला. "कापड भिजतं."

"माझी बायको..."

"कापड कुजतं, मिस्टर. मी काय करू? नगरपालिकेचा नियम आहे."

मायनं मान वर केली. "किती खांब, सकू?"

पावसात नीट दिसत नव्हतं. "तेरा... बारा."

"बारा," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द तिच्या तोंडून आला तो शब्द नव्हता. आमच्याकडं बाळंतिणीच्या खोलीतून तसा आवाज ऐकू आला की बाप्ये अंगण सोडून जातात. कठड्यामागं बाकं टाकलेला काचेचा आसरा होता, तिथं पावसाला थांबलेल्या लोकांनी माना वळवल्या. एका म्हाताऱ्यानं सरकून जागा केली. बाबांनी तिला तिथं टेकवली. बाक भिजलेला होता. पाय वर घ्यायला जागा नव्हती.

तेव्हा मी पळाले.

मागची गल्ली अरुंद, राखेचे डबे, वाळत घातलेल्या आणि विसरलेल्या चादरी. मी तीनदा टकटक केलं. दार लगेच उघडलं. उघडताना मिसेस प्रिचर्डच्या चेहऱ्यावर हसू होतं. मला बघून ते गेलं.

तिच्या मागं स्वयंपाकघर होतं. शेगडी धगधगत होती. टेबलाभोवती ऑग्डेन बसले होते, चहाचे कप, बिया घातलेला केक. आजीचे पाय स्टुलावर, स्टुलावर उशी. मॉरीनचे केस ओले होते, खांद्यावर टॉवेल. तिनं मला बघितलं आणि कपात बघू लागली.

"माझी आई," मी म्हणाले. "तिला दुखतंय. बाळ. तिला झोपायला पाहिजे."

मिसेस प्रिचर्डनं दार अर्धं ओढून घेतलं, म्हणजे मला टेबल दिसू नये. "कुणी सांगितलं तुला ह्या दाराचं?"

मॉरीनचं नाव मी घेतलं नाही. थुंकले होते ना.

"हे बघ, राणी. तुम्हाला आत घेतलं तर उद्या सगळेच येतील. पाचला पुढचं दार उघडेल. नियम सगळ्यांना एकच."

आतून आजीचा आवाज आला, "कोण आहे गं?" ती म्हणाली, "कुणी नाही." आणि दार लावलं. जोरात नाही. हळूच, कडीचा आवाज होऊ नये असं.

चार वाजायला पाच मिनिटं होती. शेगडीच्या वर घड्याळ होतं. मी बघितलं होतं.

मी पळत परत आले. बाबांच्या बाहीला धरून आसऱ्याच्या बाहेर ओढलं. "बाबा, मागं दार आहे. उघडं आहे. ऑग्डेन आत बसलेत. चहा पितायत. आजी रोज झोपते वर. उशी आहे पायाखाली. तुम्ही चला, तुम्ही सांगा तिला."

बाबा माझ्याकडं बघत राहिले. पाऊस त्यांच्या भुवयांवरून गळत होता. ते तोंड मला अजून दिसतं. आधी काही कळलं नाही असं. मग कळलं असं. आणि मग त्यांनी ते कळलेलं पुसून टाकलं, हातानं काच पुसावी तसं.

"खोटं बोलू नकोस."

"बाबा, अल्लाची शपथ!"

"त्या बाईनं मला तोंडावर सांगितलंय. ती असं करणार नाही." त्यांचा आवाज चढला. "तू शपथ घेतेस? आईला बरं नाही आणि तू गोष्टी रचतेस?"

"मी बघितलं! मी आत्ता..."

त्यांनी मला मारलं. एकच. माझ्या आयुष्यात एकदाच.

आतून मायची हाक आली. "काय झालं? कशाला मारता पोरीला?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "तासाचा प्रश्न आहे, हलीमा. धर. तासभर धर."

"डॉक्टर..." मी म्हणाले.

"कुणाला काय सांगू मी?" बाबा एकदम ओरडले. आसऱ्यातली गोरी माणसं, त्यांच्या ठिबकणाऱ्या छत्र्या. बायकोच्या पोटाचं दुखणं परक्या बाप्यांना इंग्रजीत कसं सांगायचं, हे बाबांना बोटीवर कुणी शिकवलं नव्हतं. आणि मला शब्द माहीत होते, पण मी गालाला हात लावून उभी होते.

मायनं बाबांचा हात धरला. "राहू द्या. भांडू नका. सकू, किती खांब?"

"दहा."

थोड्या वेळानं, "किती?"

"नऊ, माय."

"सुस्त मेलं पाणी," ती म्हणाली. दात वाजत होते. "आमच्याकडचं असतं तर..."

आठव्या खांबाला पाणी आलं तेव्हा बाकाखालून लाल धार निघाली आणि पावसाच्या पाण्यात मिसळून फरशीच्या उताराला लागली. म्हाताऱ्यानं पाय वर घेतले.

बाबांनी तिला उचललं. पेटी तिथंच राहिली. आम्ही पुढच्या दाराशी आलो. बाबांनी घंटा वाजवली. कुणी आलं नाही. बाबा दुसऱ्यांदा घंटा वाजवेनात. ते पायरीवर मायला घेऊन उभे राहिले आणि पाटीला, जी आतल्या बाजूला होती आणि आता दिसत नव्हती, तिला दाराच्या आरपार बघत राहिले.

मला माहीत आहे बरोबर किती वाजता दार उघडलं. मायनं सांगितलं होतं तसंच. मी गल्लीच्या तोंडाशी पळाले आणि बघितलं. सातव्या खांबाला पाणी होतं.

मिसेस प्रिचर्ड वाईट बाई नव्हती. वाईट असती तर माझा राग केव्हाच विझला असता. मायला बघून ती किंचाळली, आधी जिन्यावर वर्तमानपत्रं पसरली, मग फोनकडं पळाली. शुक्रवारी ती स्वतः इस्पितळात आली. मायची साडी तिनं हातानं धुतली होती, डाग सगळे काढले होते, इस्त्री केली होती. कागदात बांधून आणली होती. बाबा तिला "थँक यू, मॅडम" म्हणाले.

मुलगा होता. पाऊण तास जगला. बाबांनी त्याच्या कानात अजान म्हटली आणि गिरणीच्या गावात आणून पुरला. नाव ठेवलं होतं, ते तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही पोस्टरवर घालाल.

मॉरीन शाळेत भेटली. ती माझ्याशी बोलली नाही. मी कुणाला काही सांगितलेलं नसताना.

माय आणखी एकतीस वर्षं जगली. समुद्राच्या काठाला पुन्हा गेली नाही. गावी गेलो तेव्हा बाणकोटलासुद्धा मागच्या पडवीत बसायची, खाडीकडं पाठ करून. माझे मामा म्हणायचे, हलीमा विलायतेला जाऊन मोठी झाली, तिला आपलं पाणी आवडत नाही.

बाबा दोन हजार तीन साली गेले. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी त्यांची दाढी करत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"सकू. तू तेव्हा मागचं दार म्हणाली होतीस."

चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

"खरंच बघितलं होतंस?"

गालावर फेस, डोळे माझ्याकडं. त्या डोळ्यांत त्यांना कुठलं उत्तर पाहिजे होतं ते स्पष्ट होतं. मी म्हणाले, "नाही बाबा. लहान होते. रचून सांगितलं असेल."

"हां," ते म्हणाले. "तरी म्हटलं."

मग भिंतीकडं तोंड केलं. त्यांचा विश्वास बसला का, मला ठाऊक नाही. त्यांचा कोट नंतर मी उसवला तेव्हा अस्तरात दोन कागद मिळाले. एक डॉक्टरचा, घडीवर फाटलेला. दुसरी तुमच्या फोटोवाल्याची चिठ्ठी. नंबर चारशे सतरा. तुमच्या संग्रहातल्या त्या फोटोच्या पाठीवर हाच नंबर असणार. उलटून बघा.

आता ऐका. डेझीवर मी एक तास घालवला. तो माझा. मी तो इथं लिहून दिला, कुठं लपवला नाही. बाबांनी तो आणि पुढचाही सगळा वेळ स्वतःच्या अंगावर घेतला आणि घेऊन गेले. पण तुमच्या माणसानं कापड भिजू नये म्हणून खुर्ची काढून नेली, आणि तुमच्या गल्लीत शेगडीजवळ उशीवर पाय ठेवून चहा चालला होता, तो तास कुणाचा? त्याच्या खाली कुणाचं नाव छापणार?

फोटो काढून टाका असं मी म्हणत नाही. राहू दे ती भिंतीवर. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिचे दात दिसू देत. मला फक्त एक लेखी उत्तर पाहिजे, तुमच्या शिक्क्यानिशी, म्हणजे मी ते बाबांच्या कबरीवर नेऊन ठेवीन, मग ते काहीही असो.

नियम सगळ्यांना एकच होता का?

हो, की नाही?